अनुभव धागा: घरून काम आणि दिवसाची घडी (सातारा-सांगली)

लेखन, चित्र, भाषांतर, डिझाइन, कोड अशी रोज नवं काही घडवावं लागणारी कामं घरून करणाऱ्यांसाठी हा धागा. ‘शिस्त हवी’ एवढ्यावर थांबू नका. वेळा आणि मापं द्या, काय बिघडतं आणि का, तेही लिहा.

भाषांतर, शाहूपुरी, सातारा

दिवस घड्याळाला बांधू नका, घरातल्या ठरलेल्या घटनेला बांधा. ‘साडेआठला बसायचं’ ठरवलं आणि नळाला पाणी उशिरा आलं की सकाळ गेली. ‘शाळेची व्हॅन गेली की टेबल’ हे मात्र टिकतं.

पहिला दीड तास कच्च्या मसुद्याचा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि मेल उघडायचा नाही. एका मेलचं उत्तर दोन मिनिटांत लिहून होतं, पण डोकं पुढचा अर्धा तास त्यातच घोळत राहतं. मग पंधरा-वीस मिनिटं चालायचं आणि दुसरा दीड तास. असे दोनच. तिसऱ्यांदा ताणून केलेलं काम दुसऱ्या दिवशी निम्मं खोडावं लागतं. बिलं, जीएसटी, मुद्रितं तपासणं हे सगळं जेवणानंतर.

थांबताना परिच्छेद पूर्ण करू नका. अर्ध्यावर सोडा आणि पुढे काय येणार ते पेन्सिलीने एका ओळीत लिहून ठेवा. नाहीतर उद्याची पहिली वीस मिनिटं कालचं वाचण्यातच जातात. एवढी एकच सवय लावायची असेल, तर ही लावा.

वेब डिझाइन, विश्रामबाग, सांगली

विजेचा हिशोब आधी मांडा, वेळापत्रक नंतर. 12 व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, शिवाय इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. म्हणून हाताशी 700 धरा. लॅपटॉप 60, पंखा 75, ट्यूब 20, राउटर 12, एकूण 167 वॅट. म्हणजे साधारण चार तास. त्याच लाइनवर फ्रिज असेल तर हा हिशोब कोलमडतो.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरला छोटा यूपीएस घ्या. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो. इथेच बरेच जण चुकतात. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला आणि उन्हाळ्यात पातळी दर महिन्याला बघा.

एप्रिल-मेमध्ये वळीव बहुधा दुपारनंतर येतो, आणि वाऱ्याने तारा तुटल्या की वीज कधी येईल सांगता येत नाही. मोठ्या फाइली तीनच्या आत पाठवून टाका. स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळी सगळ्यात जास्त उकडतं, कारण दिवसभर तापलेलं काँक्रीट तेव्हा उष्णता सोडत असतं. त्या दोन महिन्यांत दुपारनंतर खालच्या मजल्यावर उतरा.

बोधचित्रं, गोडोली, सातारा

रंगाचे निर्णय उत्तरेच्या खिडकीशी, सकाळी. जून ते सप्टेंबर ढगांमुळे उजेड तासातासाला बदलतो, म्हणून 5000 केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 च्या वरचा दिवा लावा. पिवळ्या बल्बखाली निळा मळकट दिसतो आणि मग आपण तो नको तितका गडद करून बसतो.

पावसाळ्यात जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, लवकर सुकत नाही. दिवसाचा क्रमच बदला: आधी वॉश देऊन कागद बाजूला, तो सुकेपर्यंत दुसऱ्या चित्राचं रेखाटन. कागद सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. ओल लागलेल्या कागदावर रंग डागाडागाने शोषला जातो, आणि तो कागद नंतर कितीही वाळवला तरी सुधारत नाही.

कोडिंग, मिरज

वर भाषांतराच्या नोंदीत सांगितलेले दीड-दीड तासाचे दोन टप्पे परदेशी टीमबरोबरही जमतात, पण दिवसाची दोन्ही टोकं धरू नका. न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे आपले हिवाळ्यात संध्याकाळचे 7:30, उन्हाळ्यात 6:30. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. रात्री दोन तास कॉल असेल तर दुपारचे दोन तास कापा, आणि ते कॅलेंडरमध्ये ‘व्यस्त’ म्हणून आधीच भरा. मोकळे दिसले की कुणीतरी मीटिंग टाकतंच. जेवण कॉलच्या आधी. कॉलनंतर फक्त दहा मिनिटं नोंदी, नवं काम नाही.

लेखन-संपादन, गावभाग, सांगली

एकत्र कुटुंबात बंद दाराचा अर्थ रुसवा असा होतो. दार लोटून घ्या आणि सकाळीच सांगा, ‘आई, अकरापर्यंत हाक मारू नका, अकराला चहा बरोबर घेऊ.’ मग तो चहा चुकवू नका, नाहीतर चार दिवसांत दहा वाजताच हाका सुरू होतात. सिलिंडर, कुरिअर, दूधवाला यांच्यासाठी अकरापर्यंत दार कोण उघडणार, तेही त्याच वेळी ठरवून घ्या.