मराठीतून फुकट काय शिकता येईल?
इंटरनेटवर फुकट कोर्स ढीगभर आहेत, पण मराठीत काय, असा प्रश्न आहे. आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्युटोरियल' बघा. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ धडे. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीत, समजावणं मराठीत. लिबरऑफिस (पत्रं, हिशेबाचे तक्ते करायचं फुकट सॉफ्टवेअर), लिनक्स (विंडोजसारखी संगणकप्रणाली) वगैरे बरंच आहे. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर स्वतः करून बघायचं. नुसतं ऐकत बसलात तर काही हाती लागणार नाही. (मराठी जरा पुस्तकी आहे, पण कळतं.)

इंग्रजी चालत असेल तर एनपीटेल ही ऑनलाइन कोर्सची साइट. २००३ पासूनचा उपक्रम, आयआयटी आणि आयआयएससी (बंगळुरूची विज्ञानसंस्था) इथले प्राध्यापक, आणि इंजिनिअरिंगसोबत अर्थशास्त्र, तत्त्वज्ञानही. शिकणं फुकट; प्रमाणपत्रासाठी मात्र फी भरून केंद्रावर परीक्षा. पहिल्या कोर्सला त्या भानगडीत पडू नका, दर आठवड्याच्या असाइनमेंट तेवढ्या सोडवा.