थर्मलमध्ये थांबायचं की वेळेत परत फिरायचं? उसात गेलेलं ग्लायडर

येळ्ळूर_शिवार:
रविवारी दुपारी राजहंसगडाच्या पायथ्याला, मसूर काढून मोकळ्या झालेल्या रानात हातफेकीचं ग्लायडर उडवत होतो. पंख दीड मीटर, वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आत, मोटर नाही, हातातल्या रिमोटने वळवायचं. तिसऱ्या फेकीला नांगरलेल्या काळ्या पट्टीवर दोन घारी पंख न हलवता घिरट्या घालताना दिसल्या. ग्लायडर त्यांच्याखाली नेलं तसं शेपूट वर उचललं गेलं, आणि मग ते चढतच राहिलं.

वारा पश्चिमेचा, ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास. थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, वाऱ्याबरोबर पूर्वेला सरकत होतं आणि मी त्याच्या मागे. पूर्वेला बांध, बांधापलीकडे पुरुषभर उंचीचा ऊस, तोड अजून आलेली नाही. मुलगी शेजारी उभी राहून मिनिटं मोजत होती. "पप्पा, सहा झाली" म्हणाली तेव्हा उंची 90 मीटर होती, अंतर अडीचशे. तेव्हा फिरलो असतो तर सहज आलो असतो. पण माझी आजवरची सर्वांत लांब फेरी 8 मिनिटं 40 सेकंदांची, ती डोक्यात होती. थांबलो.

साडेसातला फिरवलं. उंची 110, अंतर साडेचारशे. एवढ्या लांबून पंख आपल्याकडे झुकलाय की पलीकडे, तेही नीट कळत नव्हतं. चढाव सोडल्याबरोबर ते झपाट्याने खाली यायला लागलं. पोचणार नाही असं दिसलं म्हणून नाक वर करायला रिमोटची काठी मागे ओढत गेलो. वेग मेला, डावा पंख खाली कलंडला आणि बांधाला जेमतेम तीस मीटर राहिले असताना ते उसात गेलं. दिवस मावळेपर्यंत शोधत होतो. पातीने हात चरचर कापले. उसाचे मालक काका ओरडले नाहीत, स्वतः आत शिरून त्यांनीच ते शोधून दिलं. "उसाला काय झालं न्हाई न्हवं?" एवढंच विचारलं. शेपटीची कार्बन नळी दोन बोटं पुढून चिरली आहे.

तुम्ही परत फिरायचं कधी ठरवता?

निपाणीचा_वारा:
दादा, तुमचेच आकडे घेऊन हिशेब करूया. संथ उडताना ग्लायडरचा वेग सेकंदाला 8 मीटर आणि उतार, म्हणजे खाली येण्याचा वेग, अर्धा मीटर धरू. समोरून वारा 5 मीटर (तुमचे ताशी अठरा किलोमीटर), म्हणजे जमिनीवरून पुढे सरकतं फक्त 3 मीटर. 110 मीटर उंचीवर 220 सेकंद मिळतात, म्हणजे 660 मीटर. कागदावर तुम्ही घरी पोचलात.

पण थर्मलच्या कडेला हवा खाली जात असते. पहिले 120 मीटर अंतर सेकंदाला एक मीटर खाली जाणारी हवा भेटली, तर तेवढ्यात 40 सेकंद आणि 60 मीटर उंची गेली. राहिली 50, त्यात 300 मीटर कापता येतात. एकूण 420. तुमचे तीस मीटर इथे गेले.

आता नाक खाली घालून 11 मीटरने आला असता तर? उतार 0.8 धरा, जमिनीवरून वेग 6. तोच पट्टा 20 सेकंदांत पार होतो आणि उंची जाते 36. उरलेल्या 330 मीटरना 44. डोक्यावर तीस मीटर शिल्लक ठेवून पोचला असता. काठी मागे ओढल्यामुळे गेलं, उशिरा फिरवल्यामुळे नाही.

खानापूरकर_मास्तर:
हिशेब बरोबर, तरी मला वाटतं चूक सहाव्या मिनिटालाच झाली. मी काही महिने पुण्याला हडपसरला मोठ्या ग्लायडरवर शिकलो. तिथे विंचने, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राने, वर जायचं, मग आपली उंची आपणच सांभाळायची. आमच्या गुरुजींनी एक गोष्ट घोटून घेतली होती. ठरलेल्या उंचीखाली आलात की लिफ्ट (वर नेणारी हवा) शोधणं बंद, उतरायच्या वाटेला लागायचं, मग शेजारी घार चढत असली तरी. समोरून वारा असेल तर वाऱ्याच्या वेगाचा निम्मा आकडा आपल्या वेगात मिळवायचा, हेही तिथलंच. तुमचे 8 आणि अडीच, साडेदहा झाले. निपाणीकरांच्या 11 च्या जवळच.

आणखी एक. परत फिरायची जागा फेकण्याआधी ठरवा. चढाव लागल्यावर हात वळत नाही. माझाही वळत नसे.

चिकोडी_माळरान:
मास्तर, थोडं वेगळं सांगतो. प्रत्येक वेळी लवकर उतरलं तर थर्मल धरून ठेवायला शिकणार कधी? आमच्याकडे जिकडे बघाल तिकडे ऊस, म्हणून मी उभं राहायची जागाच बदलली. वारा ज्या बाजूला जातो तिकडे मोकळं रान पाहिजे. दादा, तुम्ही उसाच्या पूर्वेला जाऊन उभे राहा. मग थर्मलमागे खुशाल जा, नाहीच जमलं तर ढेकळांत उतरेल, चालत जाऊन आणायचं. मात्र दुसऱ्याच्या उभ्या पिकावर ताणायचं नाही, ह्यात मी मास्तरांच्या बाजूने.

येळ्ळूर_शिवार:
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, सहाव्या मिनिटाचं खरं आहे. फिरायला पाहिजे हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर तो आकडा इतका पक्का लक्षात राहिला.

नळीवर कार्बनची बाही चढवून एपॉक्सीने चिकटवली आहे, आज रात्रभर सुकेल. उसाच्या पूर्वेला भाताचं रान मोकळं आहे, तिथे फक्त पिंजर पडलंय. मालकांना विचारून आलो, या म्हणाले. दोनशे मीटरवर एक बाभूळ आहे. येत्या रविवारी बाभळीपलीकडे गेलं की मुलगी हाक मारणार आणि मी फिरवणार, उंची कितीही असो. परत येताना 11 मीटरचा वेग हाताला कसा लागतो ते आधी दहा-बारा वेळा वाऱ्यात करून बघतो.

निपाणीकर, एवढ्या वाऱ्याला वजन वाढवायला ग्लायडरच्या पोटात शिसं घालता का? घालत असाल तर किती ग्रॅम, आणि तोल बिघडू नये म्हणून नेमकं कुठे बसवता?