मदत हवी आहे: आईचे गुडघे, चिऱ्यांचे गडगे आणि फेरीबोट. एक्स१, क्यू३ की जीएलए?

मेघमाला_फोंडा

नमस्कार मंडळी,

घरची जुनी डिझेल एसयूव्ही यंदा काढायची ठरलं आहे. नवी गाडी दहा वर्षं तरी ठेवणार, म्हणून या वेळी हात थोडा सैल सोडलाय. ऑन-रोड साठ लाखांच्या आत बसावी. घरात चौघं: मी, नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि आई (सासूबाई, पण आम्ही सगळे आईच म्हणतो).

गाडी खरं तर आईसाठीच बदलतोय. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. जुन्या गाडीत चढताना पायरीवर पाय द्यावा लागतो, तो आता उचलत नाही. दिराच्या सेडानमध्ये बसणं जमतं, पण उठवायला दोघं लागतात. फार उंच नको, फार बुटकी नको, म्हणून क्रॉसओव्हर. आई गाडीत कशा बसतात ते सांगते, कारण त्यावरच सगळं अडलं आहे. आधी पाठमोऱ्या होऊन सीटच्या कडेवर टेकतात, मग दाराच्या वरचं हँडल धरून दोन्ही पाय एकदम आत घेतात. म्हणजे सीटची कड मांडीच्या उंचीला हवी, दार पुरतं उघडायला हवं आणि पाय वळवताना खालची चौकट आड यायला नको. कुठल्याही ब्रोशरमध्ये ही मापं नसतात.

आता रस्ते. नवरा रोज फोंडा ते वेर्णा जातो-येतो. महिन्यातून एखादी खेप बेळगावला, चोर्ला घाटाने. वर्षातून दोनदा पुणे. आईचं माहेर चोडण, त्यामुळे रायबंदरची फेरीबोट चुकत नाही. आणि घरापर्यंतची शेवटची वाट दोन्ही बाजूंनी चिऱ्यांच्या गडग्यांची (दगडी कुंपणांची), समोरून रिक्षा आली तर एकाने मागे जायचं.

पाहिलेल्या गाड्या अशा:

बीएमडब्ल्यू एक्स१. ही तिसरी पिढी जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडे आली. पेट्रोलला दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, १३६ पीएस (इंजिनाची ताकद). डिझेल दोन लिटरचं, १५० पीएस आणि ३६० एनएम (ओढीचा जोर). दोन्हींत ताकद पुढच्या चाकांना. मागे जागा ऐसपैस, काचा मोठ्या, आईला बाहेरचं छान दिसलं.

ऑडी क्यू३. दोन लिटर पेट्रोल, १९० पीएस, ३२० एनएम, क्वात्रो म्हणजे चारही चाकांना ताकद. डिझेल मिळत नाही. चालवायला मला हीच सगळ्यात आवडली. पण हे मॉडेल ऑगस्ट २०२२ चं आहे, आणि तिसरी पिढी जून २०२५ मध्ये जगासमोर आली आहे. आता घेतली तर वर्षभरात जुनी वाटेल का?

मर्सिडीज जीएलए. २०० म्हणजे १.३ लिटर पेट्रोल, १६३ पीएस. २२०डी म्हणजे डिझेल, १९० पीएस, ४०० एनएम आणि फोरमॅटिक, म्हणजे इथेही चारही चाकांना ताकद. लांबीला तिघांत आखूड, साधारण ४.४ मीटर, आणि आमच्या वाटेला तेच बरं. पण मागचं दार खाली निमुळतं होतं. चाकाच्या कमानीचा फुगवटा नेमका पाय वळवायच्या जागी येतो. आईची साडी तिथे घासली.

चौथा पर्याय मुलाचा: बीएमडब्ल्यूची विजेवरची आयएक्स१, लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, म्हणजेच एलडब्ल्यूबी). जानेवारी २०२५ ला ४९ लाखांना आली तेव्हापासून तो मागे लागलाय.

प्रश्न:
चोर्ल्यात भर पावसात पुढच्या चाकांची ओढ पुरते का, की क्वात्रो-फोरमॅटिक हवंच?
फेरीच्या उतरणीवर (रॅम्पवर) कोणाची गाडी खाली घासते?
आपल्या दमट हवेत या गाड्यांचं काय होतं? तीन-चार पावसाळे काढलेल्यांनी सांगा.
वीजगाडी घरच्या माणसांना मानवते का?

शोरूमवाल्यांचं ऐकून झालं आहे. आता गोव्यात राहून गाडी वापरणाऱ्यांचं ऐकायचं आहे.

चोर्लाघाट

ताई, मी सांखळीचा. घरी एक्स१ डिझेल आहे आणि कामासाठी बेळगाव नेहमीचं.

घाटात १५० पीएस कमी पडत नाहीत. डिझेलचा जोर खालच्या आरपीएमलाच मिळतो. केरी सोडल्यावर चढ लागतो, तिथे ट्रकच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्यावर रेंगाळून मग ओलांडायला जो जोर लागतो तो आहे. पेट्रोल १८आय सपाटीला गोड चालते, पण चार माणसं, सामान आणि एसी घेऊन घाट चढताना तिला घाम फुटतो. तुमचं धावणं पाहता डिझेलच घ्या. फोंडा-वेर्णा एका बाजूने वीसेक किलोमीटर आहे, त्यामुळे डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी) चोंदण्याची भीती नाही. रोज चार किलोमीटर फिरणाऱ्याला मी डिझेल सांगितलं नसतं.

चारही चाकांची ओढ चोर्ल्यात लागत नाही. रस्ता डांबरी आहे, चिखलातून जायचं नाही. तिथे जीव वाचवतात टायर आणि ब्रेक, आणि ते क्वात्रोने सुधारत नाहीत. टायरची नक्षी तीन मिलिमीटरवर आली की मी मे महिन्यातच बदलून घेतो. कायद्याने १.६ पर्यंत चालतं, पण आपल्या पावसात तेवढ्यावर गाडी पाण्यावर तरंगते.

फेरीवर मात्र फरक पडतो. ओहोटीला बोट खाली जाते, उतरण उभी होते, वर शेवाळ. चढताना गाडीचं वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. एक्सलरेटर दाबला तर आणखीनच फिरतात. हलक्या पायाने, न थांबता चढायचं, म्हणजे निघते. क्यू३ किंवा २२०डी असेल तर हा विचारच करावा लागत नाही. घासण्याचं म्हणाल तर गाडी कुठलीही असो, पुढचा बंपर आधी टेकतो. भरतीची वेळ बघून जा आणि तिरकी चढवू नका.

पर्वरीकर_काका

मेघमालाबाय, आमच्याकडे क्यू३ आहे, याच पिढीची. हवामानाचं मी सांगतो, कारण गोव्यात लक्झरी गाडी इंजिनाने नाही, पाण्याने आणि बुरशीने खराब होते.

पहिलं म्हणजे पॅनोरॅमिक सनरूफ. तुम्ही बघताय त्या सगळ्या गाड्यांत ते मिळतं. त्याच्या चौकटीला कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, छपरावरचं पाणी त्यातून खाली जातं. गाडी आंब्या-फणसाखाली उभी राहते, मोहोर आणि पानांचा चुरा त्या खाचेत बसतो, नळी तुंबते आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला पाणी छताच्या कापडातून आत. मग कार्पेटखालच्या वायरिंगपर्यंत जातं. मी मेच्या शेवटी खाच ओल्या फडक्याने पुसतो आणि सर्व्हिसला नळ्या साफ करून घेतो. नळीत तार घालू नका, आतला जोड सुटतो.

दुसरं, बुरशी. आठवडाभर गाडी बंद राहिली की सीटच्या शिवणींवर पांढरी बुरशी येते. आधी स्टिअरिंगवर, मग पट्ट्यांवर. उपाय साधा आहे: घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी एसीचा कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे आतली ओल सुकते. फिकट रंगाची सीट घेऊ नका. शोरूममध्ये सुंदर दिसते, पण आपल्या तांबड्या मातीचे डाग जात नाहीत.

तिसरं, उंदीर. पावसात गरम बॉनेटखाली येतात आणि वायर कुरतडतात. विम्यात ते बसतं का ते आधी विचारून घ्या.

विम्याचं बोलतोय तर, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनात पाणी शिरलं तर भरपाई) दोन्ही घ्याच. वाळवंटीला पूर आला की सांखळी-डिचोलीच्या रस्त्यांवर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलं आणि इंजिनात पाणी शिरलं, तर साधी पॉलिसी ते नुकसान देत नाही. आणि या गाड्यांचा हेडलॅम्प फुटला तर अख्खा बदलतात. चेन्नईत, चाकणला किंवा संभाजीनगरात जोडलेली गाडी असली तरी भाग बाहेरूनच येतो, किंमतही तशीच.

जुन्या-नव्या पिढीचं म्हणाल तर तुम्ही दहा वर्षं ठेवणार. मग मॉडेल जुनं झालं म्हणून तुमचं काही जात नाही, उलट भाव करायला जागा मिळते. दोन वर्षांत विकणाऱ्याने थांबावं.

हिशेबनीस_मडगाव

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, वरचा सेस गेला. त्याआधी दोन्ही मिळून ४५ ते ५० टक्के पडायचे. वीजगाडीला ५ टक्केच. तेव्हा जुन्या व्हिडिओंतल्या किमती धरून बसू नका, नवं कोटेशन लेखी घ्या.

दहा लाखांवरच्या गाडीला डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीवेळीच गोळा होणारा आयकर) लावतो. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो. मिस्टरांचा धंदा असेल आणि गाडी फर्मच्या नावावर घेणार असाल तर घसारा मिळेल, पण जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. कोणी ‘सगळा जीएसटी परत मिळतो’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

वीजगाडी_बार्देश

आयएक्स१ एलडब्ल्यूबी वापरतो, म्हणून खरं ते लिहितो. गाडी मला मनापासून आवडते. ६६.४ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे, कागदावर ५३१ किलोमीटर. बेळगावला जाऊन परत येताना रस्त्यात चार्ज करावं लागत नाही, आणि चोर्ला उतरताना बॅटरी थोडी भरते तेव्हा फार समाधान वाटतं. घरी सिंगल फेजवर ७.४ किलोवॅटचा चार्जर असेल तर रात्रभरात भरते. ११ किलोवॅटसाठी थ्री फेज लागतं, वीज खात्याकडे लोड वाढवून घ्यावा लागतो. पुण्याच्या खेपेला मात्र वाटेतले चार्जर आधी बघून निघा, एकावर विसंबू नका.

पण ताई, तुमच्या आईंसाठी एक गोष्ट नीट बघा. बॅटरी जमिनीखाली असल्याने मागची फरशी वर आली आहे. पाय पसरायला जागा भरपूर, पण मांडी सीटला टेकत नाही, गुडघे वर राहतात. माझ्या वडिलांना तासाभराने कळ लागते. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही हे दुकानात दोन मिनिटं बसून ठरवू नका. आईंना अर्धा तास मागे बसवून रस्त्यावर फिरवा.

मेघमाला_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. तुम्ही सांगितलंत तसं आईंना घेऊन पुन्हा गेलो.

आयएक्स१ चं दादांनी लिहिलं तेच झालं. बसताना खूश होत्या, बोरीचा पूल ओलांडेपर्यंत हात गुडघ्यावर गेला. मुलाला वाईट वाटलं, पण त्यानेच ‘ही नको’ म्हटलं. जीएलए दारामुळे बाद. इंजिन म्हणून २२०डी मला अजून तिघांत सरस वाटते, पण ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांनाच बसता येत नसेल तर काय उपयोग.

राहिल्या एक्स१ डिझेल आणि क्यू३. एक्स१ मध्ये आई कोणाचाही हात न धरता बसल्या आणि उतरल्या. क्यू३ मध्येही जमलं, पण उतरताना चौकटीवरून पाय काढायला किंचित वेळ लागला. एका शोरूमने गाडी घरापर्यंत आणू दिली नाही, मुख्य रस्त्यावरच फिरवा म्हणाले. दुसऱ्याने आणली. दोन्हींची रुंदी कागदावर जवळपास सारखीच, १.८४-१.८५ मीटर, आणि आरसे धरले की दोन मीटरच्या वर. आमच्या वाटेच्या सगळ्यात अरुंद जागी आरसे मिटावे लागतात, पण जाते.

मन एक्स१ डिझेलकडे झुकलंय. अडतंय ते फेरीच्या चढापाशी. चोर्लाघाट दादा, पावसाळ्यात सोबत आई असताना चाकं फिरली आणि गाडी मागे सरकली तर? त्या घाबरट नाहीत, पण मी आहे.

चोर्लाघाट

ताई, मागे सरकत नाही. ब्रेक सोडल्यावर गाडी काही सेकंद स्वतः धरून ठेवते, आणि चाक फिरायला लागलं तर ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापतो. तो बंद करू नका. पुढच्या गाडीला पूर्ण वर जाऊ द्या, मगच तुम्ही निघा, म्हणजे मध्यावर थांबायची पाळी येत नाही. आईंना फेरीवरून चालत यायला लावू नका, शेवाळावर पाय घसरतो. तो धोका गाडीच्या घसरण्यापेक्षा मोठा आहे. मी तर म्हणेन, त्यांना आतच बसू द्या.

पर्वरीकर_काका

आणि डिलिव्हरी पावसाआधी घेत असाल तर रजिस्ट्रेशनच्या आधीच पीडीआय (गाडी ताब्यात घेण्याआधीची तपासणी) करा, दिवसाउजेडी, बाहेर. टायरवरची चार आकडी तारीख बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सनरूफवर बादलीभर पाणी ओतून चारही कोपऱ्यांतून खाली येतं का ते पाहा. डीलरला विचित्र वाटलं तर वाटू दे.

मेघमाला_फोंडा

बादलीचं लिहून ठेवलं, काका. आणि दादा, आईंना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. त्या आतच बसणार म्हणाल्या. या आठवड्यात एक्स१ डिझेलचं कोटेशन लेखी घेते, गडद रंगाच्या सीटसह. विम्याचे आकडे इथेच टाकते, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट धरून. जास्त वाटले तर सांगा.