मदत हवी आहे : पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड मास्टर नीट कसा वापरायचा?

नमस्कार मंडळी. सातवीच्या भूगोलासाठी ३८ स्लाइड्स केल्यात. प्रत्येक स्लाइडवर शीर्षकाचा रंग, फॉन्ट, शाळेचं बोधचिन्ह सगळं हातानं बसवलं. (हसू नका, दोन रविवार गेले!) मग कळलं की व्ह्यू टॅबमधल्या स्लाइड मास्टरमध्ये एकदा बदल केला की सगळीकडे लागू होतो. केला, पण निम्म्या स्लाइड्स जागच्या हलेनात. रीसेट दाबलं तर काही शीर्षकं सुधारली. मी वेगळे टेक्स्ट बॉक्स टाकून लिहिलेला मजकूर मात्र तसाच. तो प्लेसहोल्डरमध्ये (स्लाइडच्या मांडणीत मजकुरासाठी आधीच आखलेल्या चौकटीत) एकेक करून चिकटवण्याशिवाय इलाज नाही का?

दुसरं, शाळेचा प्रोजेक्टर जुना, ४:३ चा (म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण). माझ्या स्लाइड्स १६:९. आकार बदलताना ‘मॅक्सिमाइज’ निवडलं तर नकाशाच्या कडा कापल्या जातात, ‘एन्शुअर फिट’ला अक्षरं बारीक होतात. मागच्या बाकावरून काय दिसणार?

आणि घरी मुक्ता फॉन्ट वापरला, शाळेच्या संगणकावर तो नाही. सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट एम्बेड केला (म्हणजे फाइलमध्येच साठवला) तर तिथे नक्की दिसेल ना? कुणी केलं असेल तर सांगा. मराठीत समजावणारा व्हिडिओ असल्यास उत्तमच. सोमवारी तास आहे.