मदत हवी आहे: आडव्या ऑइल फिल्टरमधून सांडणारे ऑइल कसे अडवावे?

सोलापुरातील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पेट्रोल गाडीचे इंजिन ऑइल स्वतः बदलतो; मात्र फिल्टर आडवा बसवलेला असल्याने तो सैल करताच आतले ऑइल खालच्या सायलेन्सरच्या पाइपवर आणि तिथून फरशीवर ओघळते. ऑइल काढल्यावर अर्धा तास थांबून पाहिले, खाली पुठ्ठ्याची पन्हळही धरली. फिल्टरवर चढवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा थोडा उपयोग झाला, पण पाना लावताना तीच फाटते. गाडी दोन स्टँडवर उचलतो. रॅम्प किंवा खड्डा उपलब्ध नाही.

फिल्टरच्या तळाशी आधी छिद्र पाडून ऑइल भांड्यात उतरवावे, असे एका मेकॅनिकने सुचवले. परंतु फिल्टर घट्ट बसला असेल, तर पत्रा पिळवटून तो निघणारच नाही, अशी धास्ती वाटते. हे कोणी प्रत्यक्ष केले आहे का, आणि छिद्रापूर्वी फिल्टर किंचित सैल करून घ्यावा का?