गाडीचा पाठलाग खेळवताना अंतर मोजायचं का? माझं मत: अजिबात नको

घाटातला डीएम (बीड)
आमचा पाच जणांचा ग्रुप, शनिवारी रात्री गच्चीवर रोलप्लेइंग गेम खेळायला बसतो (मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीच्यांचं एकेक कॅरेक्टर, जमलं का फसलं ते फासे टाकून), लाईट गेली तर मोबाईलच्या टॉर्चवर. मागच्या शनिवारी पाठलाग होता, गोष्ट आमची घरचीच, मांजरसुंब्याचा घाट, पुढं काळीपिवळी जीप अन् मागं आमची पोरं बोलेरोत. मी हौसेनं चौकटीचा कागद काढला अन् तिथंच माती खाल्ली. हिशोब बघा, साठच्या स्पीडला गाडी ६ सेकंदाच्या एका राउंडात १०० मीटर जाते, ५ फुटाचं एक घर धरलं तर ६५ घरं, इंचाला एक घर म्हणलं की एका राउंडला साडेपाच फूट कागद! चटई संपली पण जीप काही घावली नाही. बरं दोन्ही गाड्या सारख्याच पळायल्या तर अंतर हलतच नाही, तू पळ मी पळतो, परत तेवढंच. चालवणारा एकटा फासे टाकायलाय अन् मागं बसलेले तिघं रील्स बघायलेत.

म्हणून म्हणतो अंतर-बिंतर सोडा. ब्लेड्स इन द डार्क (२०१७) ह्या गेममधे असतंय तसं कागदावर गोल काढायचा, त्याच्या आठ फोडी, चार आधीच काळ्या. जमलं तर एक काळी करा, फसलं तर एक पुसा. भरला की जीप सापडली, रिकामा झाला की गेली. बाकी मजा रस्त्याला आणू द्या. आपल्याकडं काय कमी हाय का, सीझनमधे ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही पण गाणे दणादणा. वळणापलीकडून गाणं ऐकू आलं की पोरांना विचारायचं, ब्रेक मारता का घालता? ह्याला मोजपट्टी लागत नाही.

जगात जर्मनी (परभणी)
गाण्याची आयडिया लई भारी, चोरणार. बाकी सगळं चूक.

तुमच्या गोलात मी कच्च्या रस्त्यानं घातली तरी एक फोड, टायरवर गोळी झाडली तरी एक फोड, नुसता शिव्या देत हॉर्न वाजवला तरी एक फोड. मग मी डोकं कामून लावू? त्याला खेळणं म्हणत नाहीत दादा, डीएमनं कीर्तन करायचं अन् आपण टाळ वाजवायचे.

चौकटीचा कागद फाडा, मान्य. पण अंतर पाहिजेच. कॉल ऑफ कथुलू गेमच्या सातव्या आवृत्तीत बघा, घरं मोजायची भानगडच नाही, रस्त्याचे टप्पे मांडायचे एकापुढं एक: वळण, पूल, ट्रॉली, गाव. सगळ्यात हळू गाडीला एक चाल, बाकीच्यांना जेवढा वेगाचा फरक तेवढ्या जास्त. अन् पळणारा सुरुवातीलाच जास्त वेगवान निघाला तर पाठलाग खेळायचाच नाही, सुटला तो. इथं पोरांना दिसतंय की जीप दोन टप्पे पुढं हाय अन् मधे पूल हाय, म्हणून ते ठरवू शकतात.

घाटातला डीएम (बीड)
अन् ते टप्पे आधी कोण बसून मांडणार? पोरं माझ्या रस्त्यानं कधी गेलेत का, मी घाट मांडला की हे शेतातून घुसतेत.

किलवर एक्का (लातूर)
मग पत्ते घ्या ना राव. सॅव्हेज वर्ल्ड्स गेममधे पत्त्यांची ओळच रस्ता असते, आधी काही मांडायचं कामच नाही. वाटताना किलवर आला की समजा पुढं अडचण. डाव मांडल्यासारखं वाटतं, रील्स कोणी बघत नाही.

डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) गेमच्या २०१४ च्या डीएम गाईडमधलं एक पण घेण्यासारखं हाय, पायी पाठलागात जास्तीची धाव फुकट मिळते ती तीन अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर (कॅरेक्टरच्या दणकटपणाचा आकडा) इतक्याच वेळा, पुढं दम लागायला लागतो. आम्ही तेच बोलेरोच्या रेडिएटरला लावलं. घाट चढताना तिसऱ्या वेळी बोनेटमधून वाफ निघाली अन् पाण्यासाठी भांडणं 😂

मागच्या सीटवरची (बीड)
मी त्याच बोलेरोत होते, ती रील्स बघणारी मीच. डीएमभाऊंनी एक गोष्ट सांगितली नाही बरका. जीप घाट उतरायली होती, मी म्हणलं खाली माझ्या कॅरेक्टरच्या मामाचं शेत हाय, फोन करते, ट्रॉली रस्त्यात आडवी लावू दे. तर हे म्हणले तुझी टर्न नाही. टर्न आल्यावर म्हणले घाटात रेंज नाही. मग काय करू, रील्सच बघणार ना. तुमचा गोल असो का टप्पे, मागच्या सीटवाल्यांना काय काम ते सांगा आधी.

जगात जर्मनी (परभणी)
घ्या! ताई, माझ्याकडं ती ट्रॉली म्हणजे शेवटच्या टप्प्यावरचा अडथळा, फोन लागला का एवढाच एक फासा. डीएमसाहेब, तुमच्या गोलात मामाची ट्रॉली कुठं बसवता?

घाटातला डीएम (बीड)
दोन फोडी काळ्या.

मागच्या सीटवरची (बीड)
आता लागला वाटतं फोन 🙄