छायाचित्रण, छायालेखन की नुसतं ‘कॅमेरा’?

प्रश्न

आमच्या गावातल्या फिल्म क्लबसाठी मी दर महिन्याला पानभर टिपण लिहिते. या वेळी ‘फँड्री’ होता. मी लिहिलं, ‘छायाचित्रण नयनरम्य आहे.’ ते वाचून शेजारच्या मावशींनी विचारलं, ‘म्हणजे सिनेमात फोटो छान आहेत का गं?’ मला धड उत्तर देता येईना. पेपरात फोटोखालीही ‘छायाचित्र’च छापतात, मग हलत्या चित्रांच्या कलेला तोच शब्द कसा काय? शोधल्यावर चित्रीकरण, छायाचित्रण, छायालेखन, चलचित्रण एवढे शब्द सापडले. यांत नेमका फरक काय? शिवाय ‘नयनरम्य’ मला स्वतःलाच खटकतंय, पण का ते कळत नाही.

प्रतिसाद

चित्रीकरण म्हणजे शूटिंग, सगळा कारभार. ‘पावसामुळे चित्रीकरण रखडलं’ असं आपण म्हणतो, ‘छायाचित्रण रखडलं’ म्हणत नाही. चलचित्रण मी फक्त छापील मजकुरात वाचलाय. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये कॅमेऱ्याच्या मागे सतरा वर्षं काढली, तिथे तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही. हे काम बघणाऱ्याला सेटवर हल्ली ‘डीओपी’ (डिरेक्टर ऑफ फोटोग्राफी) म्हणतात, जुनी माणसं ‘कॅमेरामन’.

छायाचित्रण हा शब्द मात्र मला फार जवळचा आहे, त्यातल्या ‘छाये’मुळे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की कॅमेरामन उजेड पाडतो. आमचा अर्धा दिवस उजेड अडवण्यात जायचा. ‘कटर लाव, अजून खाली घे, भिंतीवरचा मार’ अशी आरोळी सतत. कटर म्हणजे काळं कापड ताणलेली चौकट, नको तिथला उजेड कापायला. माणसाचा अर्धा चेहरा काळोखात ठेवायचा की डोळे तेवढे दिसू द्यायचे, हे ठरलं की प्रसंगाचा अर्थ ठरला.

‘कागज के फूल’ (१९५९) आठवा. रिकाम्या स्टुडिओत वरून येणारा तो प्रकाशाचा झोत. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी तो बाहेरच्या उन्हाचा केला होता, आरशांवरून परतवून आत आणलेला. दिव्यांनी तसा सरळ, घट्ट झोत मिळेना. गुरुदत्त आणि वहिदा रेहमान त्या झोताच्या आसपास उभे आहेत, दोघांमध्ये काळोख पसरलाय. त्यांना एकत्र येता येणार नाही हे संवादात सांगायची गरज उरत नाही. पुढे २००८ सालचा फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला. कॅमेऱ्यामागच्या माणसाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

याच्या अगदी उलट काम कॅमेरामन सुब्रत मित्रांचं. ‘अपराजितो’ (१९५६) या बंगाली सिनेमातलं बनारसचं घर स्टुडिओत उभारलं होतं. तसल्या वाड्यांच्या चौकात ऊन थेट उतरत नाही, वरच्या आभाळाचा मऊ उजेड झिरपतो आणि सावल्या जवळजवळ पडतच नाहीत. थेट दिवे लावले असते तर एकेका माणसाच्या तीन-तीन सावल्या पडल्या असत्या. मित्रांनी चौकावर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्यावर मारले आणि कापडावरून परतलेला उजेड वापरला. तो चौक आजही खरा वाटतो. आमच्या सेटवर थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून चेहऱ्यावर उजेड परतवायचे, ते याच कुळातलं काम.

प्रतिसाद

‘छाये’बद्दल थोडी भर घालते, मी संस्कृत शिकवते. संस्कृतात छाया म्हणजे सावली, तसंच प्रतिबिंब आणि कांतीसुद्धा. संस्कृत नाटकांतल्या प्राकृत संवादांचं जे संस्कृत रूप खाली देतात, त्यालाही ‘छाया’च म्हणतात. म्हणजे मुळाच्या मागोमाग चालणारं दुसरं रूप. पुराणातल्या संज्ञेला सूर्याचं तेज सोसेना, तेव्हा ती छायेला आपल्या जागी ठेवून निघून गेली. पडद्यावरच्या माणसाचंही तेच असतं, माणूस गेलेला असतो आणि छाया समोर असते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागच्या दिव्यापुढे नाचवून रामकथा सांगतात. छायेने गोष्ट सांगणं आपल्याकडे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचं आहे.

म्हणूनच मला ‘छायालेखन’ जास्त आवडतो. चित्रण म्हटलं की समोर आहे ते उतरवणं वाटतं. लेखन म्हटलं की सांगणारा कुणीतरी आहे, हे लक्षात राहतं. फोटोला ‘छायाचित्र’ राहू द्यावं आणि सिनेमाच्या कलेला ‘छायालेखन’ म्हणावं, मावशींचा घोळ तिथेच मिटेल.

परीक्षणांतला ‘टिपणे’ मात्र जपून वापरावा. ‘कॅमेऱ्याने गावाचं सौंदर्य अचूक टिपलं आहे.’ टिपणे किती सुंदर क्रियापद आहे! चिमणी दाणे टिपते, पदराने डोळे टिपतात, टीपकागद शाई टिपतो. या सगळ्यांत दाणा, आसू, शाई आधीच हजर असते आणि आपण ती अलगद उचलतो. माहितीपटाला हे शोभतं. वरचा आरशांचा झोत कुणी टिपला नाही, तो घडवला. तिथे ‘मांडला’, ‘रचला’ म्हणावं. आणि ‘कॅमेऱ्यात कैद केलं’ हे हिंदीतून आलंय, ते मला अजिबात नको.

प्रतिसाद

छायालेखन छान आहे, पण बोलताना कोण म्हणणार? ‘कॅमेरा मस्त आहे’ हेच चालतं आणि चालू द्यावं. मला खरी अडचण ‘लांब’ या शब्दाची वाटते. ‘कोर्ट’ (२०१४) या सिनेमावर लिहिताना लोक ‘लांब शॉट’ लिहितात. मराठीत लांब म्हणजे दूरही आणि दीर्घही. मग कॅमेरा दूर ठेवलाय की शॉट बराच वेळ चालतो? या दोन वेगळ्या निवडी आहेत. दूरचा शॉट माणसाला त्याच्या जागेसकट दाखवतो. दीर्घ शॉट आपल्याला वेळ सोसायला लावतो.

‘कोर्ट’मध्ये दोन्ही एकत्र आहेत म्हणून गोंधळ वाढतो. मृणाल देसाईंचा कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. वकील, आरोपी, कारकून, पुढच्या खटल्याची वाट बघणारे लोक, सगळे एकाच चौकटीत. कुणाकडे बघायचं ते आपणच ठरवायचं. शेवटाकडे सुट्टी लागते, लोक निघून जातात, दिवे मालवले जातात आणि आपण त्या अंधाऱ्या दालनातच बसून राहतो. तिथे आधीच कापलं असतं तर ‘कोर्ट बंद झालं’ एवढी माहिती मिळाली असती. न कापल्यामुळे तुरुंगात अडकलेल्या आरोपीची आठवण छातीवर बसते. मी ‘दूरचा’ आणि ‘दीर्घ’ असे दोन शब्द वापरतो आणि ‘लांब’ टाळतो.

‘खोली’चं उलट आहे, तिथे मराठीचे दोन अर्थ मदतीला येतात. ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) कॅमेरामन ग्रेग टोलंडने पुढच्या टेबलापासून मागच्या खिडकीबाहेरच्या बर्फापर्यंत सगळं स्पष्ट ठेवलंय. पुढे आई मुलाला सोपवून देणाऱ्या कागदांवर सही करतेय, मध्ये बाप विरोध करत उभा आहे आणि खिडकीतून दिसणारा एवढासा मुलगा बर्फात खेळतोय. त्याला काहीच कळलेलं नाही. याला मी ‘खोल चौकट’ म्हणतो. खोलीचीच खोली इथे गोष्ट सांगते.

प्रतिसाद

टीव्हीबद्दलही कुणी बोला. घरी रोज मालिका लागते, सगळीकडे सारखाच लख्ख उजेड.

प्रतिसाद

त्याचं कारण साधं आहे. मालिकेत अनेकदा दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालतात. एका कोनातून उजेड सुरेख लावला की दुसऱ्या कोनातून तोच डोळ्यांवर येतो. रोजचा भाग रोज द्यायचा असतो, म्हणून वरून सपाट प्रकाश सोडतात आणि कुठूनही चेहरा दिसेल अशी सोय करतात. मग भावना दाखवायला क्लोज-अपशिवाय काही उरत नाही. त्यात लाईटमनचा दोष नाही, त्यांना वेळच दिलेला नसतो. क्लोज-अपला ‘निकटदृश्य’ वगैरे म्हणू नये असं माझं ठाम मत. क्लोज-अप मराठी झालाय.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘फँड्री’ पुन्हा पाहिला आणि ‘नयनरम्य’ का खटकत होतं ते सापडलं. सिनेमातल्या मुलाच्या, जब्याच्या, घरचे पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात, तो प्रसंग. मागे शाळेची भिंत, तिच्यावर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र. कॅमेरा बाजूला उभा राहून ती माणसं भिंतीसमोरून जाताना बघतो. चेहऱ्याजवळ गेला असता तर भिंत सुटली असती, आणि भिंतीशिवाय त्या चालण्याचा अर्थ निम्मा झाला असता. याला मी रम्य म्हटलं होतं, याची लाज वाटते.

आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. चौकट हा शब्द मला इथे ‘फ्रेम’पेक्षा जास्त भावला. चौकट म्हटली की दार आलं, उंबरठा आला, आत कोण आणि बाहेर कोण हे आलं. इतका वेळ आपण चौकटीच्या अलीकडे सुरक्षित बसलेलो असतो.

टिपणातलं वाक्य आता असं केलंय: ‘विक्रम अमलादींच्या छायालेखनात माणूस आणि त्यामागची भिंत एकमेकांपासून सुटत नाहीत.’ मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘हां, मग तो भिंतीचा भाग परत लाव.’

एक उपप्रश्न राहिला. बोलणाऱ्याकडे बघताना ऐकणाऱ्याचा खांदाही चौकटीत ठेवतात, त्या शॉटला सेटवर ‘सजेशन’ म्हणतात असं ऐकलंय. मराठीत कुणी दुसरा शब्द वापरतं का?

प्रतिसाद

सजेशनच म्हणतात. ‘खांद्यावरून घेतलेला’ लिहिलंत तरी सगळ्यांना कळेल.